दहा बाय पंधराच्या हॉलमधला सिनेमा

भाईंदर पूर्वेच्या केबिन रोड परिसरात वन आरके आणि वन बीएचकेची घरं पुष्कळ आहेत. हॉल साधारण दहा बाय पंधरा फुटांचा, खाली टाइल्स, चारही बाजूंना प्लास्टरच्या भिंती, एका भिंतीवर टीव्ही आणि समोरच्या भिंतीला चिकटवलेला सोफा. याच हॉलमध्ये मुलांचा अभ्यास होतो, पाहुण्यांचं चहापाणी होतं, रात्री गाद्या पडतात आणि रविवारचा सिनेमाही इथेच पाहिला जातो. अशा घरातलं कुटुंब वीस-तीस हजार रुपये बाजूला काढून होम थिएटर घ्यायला निघतं, तेव्हा दुकानात त्याला मुख्यतः दोन आकडे ऐकवले जातात: किती स्पीकर आणि किती वॅट. या प्रकरणाचं म्हणणं असं आहे, की या हॉलच्या दृष्टीने हे दोन्ही आकडे गौण आहेत. बजेट बेताचं असेल तर पैसा आधी संवाद स्वच्छ ऐकू येण्यावर खर्च व्हायला हवा. त्यासाठी पाच-सहा हलके स्पीकर घेण्यापेक्षा समोरचे दोनच, पण चांगले स्पीकर घेणं शहाणपणाचं आहे. हे का, ते एकेक बाजू तपासत पाहू.

आधी ‘फाइव्ह पॉइंट वन’ हा प्रकार आला कुठून, ते समजून घेतलं पाहिजे. १९९२ साली ‘बॅटमॅन रिटर्न्स’ हा चित्रपट डॉल्बी डिजिटल आवाजासह आला आणि पाच मुख्य वाहिन्या अधिक खर्जासाठी एक वेगळी वाहिनी ही मांडणी चित्रपटगृहांत रुळत गेली. पडद्याच्या डाव्या-उजव्या बाजूंना दोन स्पीकर, मधोमध एक, प्रेक्षकांच्या बाजूंना व मागे सराउंड आणि स्फोट, गडगडाट यांसाठी सबवूफर. यात बहुतेक संवाद मधल्या स्पीकरमधून येतात, कारण थिएटरात कडेच्या खुर्चीवर बसलेल्यालाही ते पडद्यावरच्या माणसाच्या तोंडून आल्यासारखे वाटायला हवेत. सराउंडसाठी भिंतींवर स्पीकरच्या रांगा लावतात, त्याही शेकडो प्रेक्षकांना पुरून उराव्यात म्हणून. म्हणजे ही सगळी मांडणी मोठ्या दालनाच्या गरजेतून जन्मली. सोफ्यावर चार माणसं आणि टीव्ही आठ-नऊ फुटांवर, अशा खोलीची गरज वेगळी आहे. तिथे दालनाची रचना जशीच्या तशी उतरवायला गेलं, की स्पीकरची संख्या तेवढी गाठली जाते आणि दर्जा हातचा जातो.

दर्जा का जातो, याचं कारण हिशेबात आहे. वीस हजारांच्या एका खोक्यात पाच छोटे स्पीकर, एक सबवूफर, सहा वाहिन्यांचा अ‍ॅम्प्लिफायर, रिमोट आणि वायर बसवायच्या, तर प्रत्येक स्पीकरच्या वाट्याला फार थोडी रक्कम येते. त्यातून मिळतो प्लास्टिकच्या डबीतला अडीच-तीन इंचांचा वूफर. एवढा लहान वूफर साधारण १५० ते २०० हर्ट्‌झच्या खाली, म्हणजे सेकंदाला दीडदोनशे कंपनांच्या खाली, नीट वाजू शकत नाही. त्यामुळे त्याखालचं सगळं सबवूफरकडे ढकलावं लागतं. आता माणसाच्या बोलण्याकडे पाहा. पुरुषाच्या आवाजाचा पाया साधारण १०० ते १५० हर्ट्‌झवर असतो, स्त्रीचा २०० च्या आसपास. स, श, छ, थ, फ ही व्यंजनं ओळखू येतात ती मात्र दोन हजार ते आठ हजार हर्ट्‌झच्या पट्ट्यात. म्हणजे नायकाच्या एकाच वाक्याची फाळणी होते: छातीतला घुमारा कोपऱ्यातल्या सबवूफरमधून, तर व्यंजनं टीव्हीखालच्या डबीतून. साधारण ८० ते १०० हर्ट्‌झच्या वरचा आवाज कुठून येतोय हे कानाला कळू लागतं, म्हणून चांगल्या संचांत सबवूफरची हद्द ८० हर्ट्‌झच्या जवळपास ठेवतात. स्वस्त खोक्यात ती दुप्पट वर न्यावी लागते. संवाद ऐकू येत नाहीत म्हणून घरोघरी आवाज वाढवला जातो आणि पुढच्याच मारामारीला घाईघाईने कमी केला जातो, त्याचं एक मोठं कारण हे आहे. याउलट पाच-साडेपाच इंचांचा वूफर आणि वरच्या पट्टीसाठी वेगळा ट्वीटर असलेला लाकडी पेटीतला साधा बुकशेल्फ स्पीकर ६०-७० हर्ट्‌झपर्यंत उतरतो. अख्खं वाक्य एकाच जागेहून येतं.

संवादांवर एवढा भर देण्यामागे सिनेमाच्या बदलत्या घडणीचाही भाग आहे. पूर्वी आपल्याकडचे संवाद प्रामुख्याने स्टुडिओत डब होत. माइकसमोर उभं राहून म्हटलेलं ठळक वाक्य टीव्हीच्या पिचक्या स्पीकरमधूनही समजे. २००१ च्या ‘लगान’ने संवाद प्रत्यक्ष चित्रीकरणाच्या जागीच ध्वनिमुद्रित केले आणि पुढे ही पद्धत वाढत गेली. त्यामुळे अभिनयात खरेपणा आला, पण त्याबरोबर कुजबुज, अर्धवट उच्चार, आजूबाजूचा वारा आणि रहदारी हेही संवादात मिसळलं. असे संवाद वेगळे काढून ऐकवायचे, तर स्पीकरचा मधला पट्टा निर्मळ असावा लागतो. चपट्या टीव्हीचे स्पीकर बहुधा खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात. त्यांच्याकडून ही अपेक्षा करता येत नाही.

आता वॅटकडे वळू. खोक्यांवर पीएमपीओच्या नावाने हजारोंचे आकडे छापलेले दिसतात. हा आकडा क्षणभराच्या कमाल उसळीवर काढलेला असतो आणि तो मोजण्याची सर्वमान्य रीत नाही. आरएमएस, म्हणजे सतत देता येणारी ताकद, म्हणून दिलेला आकडाच पाहावा, आणि यंत्राच्या पाठीवरची वीजवापराची पट्टीही वाचावी: जे यंत्र ६० वॅट वीज घेतं, ते सतत १,००० वॅट आवाज देऊ शकत नाही. पण त्याहून महत्त्वाचा प्रश्न हा, की आपल्याला वॅट लागतात किती? स्पीकरच्या माहितीपत्रकात सेन्सिटिव्हिटीचा आकडा असतो, म्हणजे एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल आवाज येतो तो. समजा तो ८६ आहे. नऊ फुटांवरच्या सोफ्यापर्यंत पोहोचताना त्यातले सुमारे नऊ डेसिबल गळतात, दोन स्पीकर मिळून तीन परत येतात. म्हणजे एकेका वॅटमध्ये सोफ्यावर ८० डेसिबल. घरातला संवाद ६५ ते ७० डेसिबलला अगदी सुखाने ऐकू येतो, त्याला वॅटचा दहावा हिस्साही पुरेसा आहे. संवादापेक्षा २० डेसिबल मोठा दणका हवा असेल, तर तो दहा वॅटमध्ये होतो. तेव्हा प्रत्येक बाजूला प्रामाणिक २५-३० वॅट असले, की या हॉलसाठी भरपूर झाले. वॅट दुप्पट केले तर वाढतात फक्त तीन डेसिबल, जे कानाला जेमतेम जाणवतात. पन्नासऐवजी शंभर वॅटसाठी मोजलेले जादा पैसे या खोलीत वाया जातात.

आवाजाचा अर्धा हिशेब स्पीकरच्या बाहेर, खोलीत असतो. दोन समांतर भिंतींमध्ये ठरावीक खर्ज अडकून घुमतो. पंधरा फुटांच्या लांबीत तो साधारण ३८ हर्ट्‌झला, दहा फुटांच्या रुंदीत ५७ ला आणि साडेनऊ फुटांच्या उंचीत ६० ला. शेवटचे दोन आकडे एकमेकांना जवळजवळ चिकटलेले आहेत. त्यामुळे ६० हर्ट्‌झच्या आसपासचा प्रत्येक ठोका या हॉलमध्ये वाजवीपेक्षा मोठा आणि लांबलेला ऐकू येतो. त्यात कोपऱ्यात सबवूफर ठेवला, की जमीन आणि दोन भिंती मिळून तो आणखी फुगवतात. लोक याला दमदार बास समजतात, खरं तर तो खोलीचा दोष असतो आणि त्याखाली संवाद दबतात. दुसरा दोष घुमण्याचा. टाइल्स आणि प्लास्टर आवाज जवळजवळ शोषतच नाहीत. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सबाइन याच्या सूत्राने ढोबळ हिशेब केला, तर असा रिकामा हॉल आवाज विरायला पावणेदोन सेकंदांच्या आसपास घेतो. जाड पडदे, सतरंजी, कापडी सोफा, पुस्तकांचं कपाट असा सरंजाम आला, की हाच काळ अर्ध्या सेकंदापर्यंत खाली येतो. पहिल्या स्थितीत एका शब्दाचा शेवट पुढच्या तीन शब्दांवर सांडत राहतो, दुसऱ्या स्थितीत शब्द सुटे होतात. स्पीकर बदलून एवढा फरक क्वचितच पडतो, आणि यातलं बरंचसं सामान घरात आधीच असतं.

शेजाऱ्यांचा विचार तर इमारतीत राहणाऱ्याला टाळताच येत नाही. भिंत किंवा स्लॅब वरच्या पट्टीचा आवाज चांगला अडवते, पण खर्ज तिला फारसा जुमानत नाही. त्यामुळे सिनेमातले संवाद आपल्या घरात राहतात आणि सबवूफरची धडधड वरच्या-खालच्या मजल्यावर पोहोचते. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. खासगी ध्वनियंत्रणेचा आवाज घराच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा पाच डेसिबलहून अधिक वर जाता कामा नये. बहुतेक कुटुंबांचा सिनेमा जेवणं आटोपल्यावर सुरू होतो, म्हणजे नेमका रात्रीच्या मर्यादेच्या वेळेत. त्यातच कानाचा एक स्वभाव आहे, जो बेल लॅबोरेटरीजच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये मोजून दाखवला: आवाज हळू केला की खर्ज इतर स्वरांपेक्षा जास्त कमी भासतो. म्हणून रात्री हळू लावलेल्या सिनेमात मोठ्या सबवूफरचा लाभ आपल्याला मिळत नाही, आणि तो भासावा म्हणून बास वाढवला की त्रास शेजाऱ्याला होतो. वर्षातून मोजक्या दुपारी पूर्ण ताकदीने वाजवता येणाऱ्या यंत्रावर निम्मं बजेट घालवण्यात अर्थ नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: दोनच स्पीकर घेतले तर सराउंडसाठी मिसळलेला आवाज फुकट जाणार नाही का? नाही जात. टीव्ही किंवा अ‍ॅम्प्लिफायर पाच वाहिन्यांचा आवाज दोनमध्ये मिसळतो, तेव्हा मधल्या वाहिनीतले संवाद डाव्या-उजव्या दोन्ही स्पीकरमध्ये वाटले जातात आणि सराउंडचा आवाजही काहीसा कमी करून त्यांत घातला जातो. सहसा गळते ती फक्त खर्जाची जादा वाहिनी. गमावतो आपण आवाज मागून येण्याची जाणीव, आणि ती मोलाची आहे हे मान्यच केलं पाहिजे. पण सराउंड स्पीकर बसणाऱ्याच्या समोरच्या दिशेपासून १०० ते १२० अंशांवर, म्हणजे कानांच्या किंचित मागे, थोडे दूर असावेत असं आंतरराष्ट्रीय प्रसारण मानक सांगतं. केबिन रोडच्या हॉलमध्ये सोफा भिंतीला टेकलेला, एका बाजूला खिडकी आणि दुसऱ्या बाजूला स्वयंपाकघराचा रस्ता. तिथे एक स्पीकर कडेला बसलेल्याच्या कानाशी येतो आणि दुसरा दाराच्या चौकटीवर चढतो. घर भाड्याचं असेल तर भिंतीला ड्रिल मारण्याची परवानगीही नसते. अशा जागी लावलेले सराउंड स्पीकर वातावरण तयार करत नाहीत, उलट लक्ष समोरून उडवतात.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. दोन स्पीकरच्या मधोमध बसलेल्यालाच संवाद पडद्याच्या मध्यातून येताना वाटतात. सोफ्याच्या टोकाला बसलेल्याला ते जवळच्या स्पीकरकडे ओढले गेलेले जाणवतात, कारण कान आधी पोहोचलेल्या आवाजावर दिशा ठरवतो. हे खरं आहे. छोट्या हॉलमध्ये त्यावर बऱ्यापैकी उपाय असतो: स्पीकर टीव्हीच्या दोन्ही बाजूंना पाच-सहा फुटांच्याच अंतराने ठेवावेत, ट्वीटर बसल्यावर कानाच्या उंचीला येतील असे, आणि त्यांचं तोंड थोडं आत वळवावं, म्हणजे दूरच्या टोकाला बसलेल्याला पलीकडचा स्पीकर सरळ ऐकू येतो. घरात रोजच चार-पाच माणसं एकत्र बसून पाहत असतील, तर मधला स्पीकर घेणं योग्य. मात्र तो त्याच कंपनीचा, त्याच मालिकेतला असावा आणि त्यासाठी एव्ही रिसिव्हर, म्हणजे दोनांहून अधिक वाहिन्यांचा अ‍ॅम्प्लिफायर, लागेल हे धरून चालावं. वाढ करायचीच तर हा तिसरा स्पीकर आधी, छोटा सबवूफर त्यानंतर आणि सराउंड सगळ्यात शेवटी.

तिसरा आक्षेप साउंडबारचा: एकच पट्टी, एकच वायर, कटकट नाही. जिथे टीव्ही भिंतीवर आहे आणि खाली फळीसुद्धा नाही, तिथे साउंडबार ही प्रामाणिक निवड ठरते. विशेषतः ज्यात संवादांसाठी मध्ये स्वतंत्र स्पीकर आहे असा. पण तीन फुटांच्या पट्टीत डावा आणि उजवा स्पीकर इतके जवळ असतात, की संगीताचा पसारा उमटत नाही. शिवाय आतलं सर्किट बिघडलं की अख्खी पट्टी अडते. सुट्या संचात अ‍ॅम्प्लिफायर बिघडला तर तोच बदलता येतो, चांगले स्पीकर पुढच्या घरात आणि पुढच्या टीव्हीलाही चालतात. दहा हजारांच्या आत बसवायचं असेल तर अ‍ॅम्प्लिफायर आतच असलेली दोन स्पीकरची जोडी पाहावी, ज्यात ऑप्टिकल किंवा एचडीएमआय एआरसीने टीव्ही जोडता येतो.

निवड मात्र कानाने करावी. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत आणि नंतर हार्मन कंपनीत फ्लॉइड टूल यांनी स्पीकर पडद्याआड ठेवून श्रोत्यांकडून वर्षानुवर्षं चाचण्या घेतल्या. कोणत्याही पट्टीला उगाच उठाव न देणारा, समोर आणि बाजूला सारखाच समतोल आवाज देणारा स्पीकर लोकांना आवडतो, हे त्यांतून पुन्हा पुन्हा दिसलं. १९९४ साली टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी त्याच स्पीकरची चाचणी एकदा झाकून आणि एकदा उघड्यावर घेतली. स्पीकर दिसू लागताच मोठ्या, महागड्या पेट्यांचे गुण वाढले आणि झाकलेले असताना चांगला ठरलेला छोटा, स्वस्त संच मागे पडला. लहान संच मुळातच वाईट नसतो, वाईट असतो तो पैसा चुकीच्या जागी विभागलेला संच, एवढाच याचा अर्थ. म्हणून ग्रँट रोडच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा जवळच्या दुकानात जाताना ओळखीचा आवाज मोबाइलमध्ये न्यावा: एखाद्या मराठी सिनेमातला हळू संवादाचा प्रसंग, स्त्री आणि पुरुष दोघांचाही, एखादं नाट्यपद, ज्यात तबल्याच्या डग्ग्याचा घुमारा आणि गायकाचे शब्द वेगवेगळे ऐकू यायला हवेत. दोन स्पीकर तोलताना आवाजाची पातळी सारखी ठेवायला सांगावं, कारण जरासा मोठा वाजणारा स्पीकर कानाला नेहमीच जास्त चांगला वाटतो. बास आणि ट्रेबल मध्यावर ठेवायला लावावेत. शब्द डोळे मिटून, ताण न देता समजले तर स्पीकर पास.

भाईंदरच्या हवेचाही विचार करावा. उत्तरेला वसईची खाडी, भोवती मिठागरं, पावसाळ्याचे चार महिने ओल. वूफरच्या कडेला फोमची रिंग असेल, तर दमट हवेत ती काही वर्षांत भुसभुशीत होऊन तुटते. रबराची रिंग कितीतरी जास्त टिकते. सेकंडहँड जोडी घेताना जाळी काढून हे आधी पाहावं. दाबलेल्या भुशाच्या पेटीला ओल लागली की ती फुगते, म्हणून स्पीकर थेट जमिनीवर किंवा ओल येणाऱ्या भिंतीला टेकवून ठेवू नयेत. वायरीवर मात्र पैसे उधळू नयेत. लाइट फिटिंगची दीड एमएमची तांब्याची वायर पाच मीटरपर्यंत वापरली, तर तिचा अडथळा एका ओमच्या सुमारे आठव्या हिश्शाएवढा असतो, आठ ओमच्या स्पीकरपुढे नगण्य. खाऱ्या हवेत उघडी तार हिरवी पडते, तेव्हा वर्षातून एकदा टोक कापून नव्याने सोलावं, एवढी काळजी पुरेशी आहे.

सगळ्याचा हिशेब तीस हजारांवर मांडला तर तो असा: निम्मे दोन स्पीकरवर, साधारण एक तृतीयांश अ‍ॅम्प्लिफायरवर आणि उरलेले स्टँड किंवा ब्रॅकेट, वायर, जाड पडदे व सतरंजीवर. सबवूफर या वर्षी नको, सराउंड तर नकोच. खरेदीनंतर महिनाभर ऐका, स्पीकर चार बोटं पुढे-मागे सरकवून पाहा, आणि मगच पुढच्या खर्चाचा विचार करा. दुकानदार किती स्पीकर आणि किती वॅट सांगू लागला, तर त्याला आपल्या हॉलची लांबी-रुंदी सांगा आणि एक हळू संवाद लावायला लावा. तो संवाद समजत नसेल, तर बाकीचे आकडे कितीही मोठे असले तरी तो संच घेऊ नका.